डिजिटल अटक, नवी कलमं आणि बाबांची एफडी

कर्वेरोडचा_वाटसरू (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. शेवटी बाबांनाच विचारलं. ते म्हणाले, "लिही, पण माझं नाव नको आणि बँकेचंही नको." तेव्हा ही दोन नावं कोणी विचारू नयेत.

बाबा ७४ वर्षांचे. आई-बाबा कोथरूडला, डहाणूकर कॉलनीच्या अलीकडे राहतात, मी बाणेरला. गेल्या जूनमध्ये आई साताऱ्याला गेली होती. बाबा एकटे असताना फोन आला, तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून मनी लाँडरिंग झालंय. मग व्हिडिओ कॉल. पलीकडे गणवेशातला माणूस, मागे भिंतीवर अशोकस्तंभ, थोड्या वेळाने सर्वोच्च न्यायालयाचा शिक्का असलेलं पत्र. दोन दिवस तो कॉल चालू होता, हीच ती 'डिजिटल अटक'. बाबांनी फोन चार्जरला लावून देवघराच्या कठड्याला टेकवून ठेवला होता आणि आंघोळीलासुद्धा 'साहेबांना' विचारून जात होते.

एफडी मोडून दोन आरटीजीएस झाले. ११ लाख आणि ७ लाख ४० हजार. काउंटरवरच्या मुलीने विचारलं होतं, "काका, एवढे कशाला लागतायत?" शिकवून ठेवल्याप्रमाणे बाबा म्हणाले, "मुळशीला प्लॉट घेतोय."

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या गोळ्या द्यायला गेलो तर देवघरापुढे फोन उभा. पडद्यावरचा माणूस मला म्हणाला, "आप कौन?" मी म्हटलं, "बेटा." कॉल कट.

१९३० हा सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा नंबर लागला तोवर पहिल्या आरटीजीएसला ३१ तास उलटले होते. १८ लाख ४० हजारांतले २ लाख १२ हजार एका खात्यात सापडले, ते आजही होल्डवर आहेत. बाकीचे कुठल्या कुठे गेले.

एफआयआरमध्ये भारतीय न्याय संहितेची ३१८(४) आणि ३१९(२) ही कलमं, माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६सी आणि ६६डी. तपास चालू आहे, म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहेच.

मला खरं विचारायचंय ते पुढे आहे. फोनवरच्या माणसाला बाबांच्या एफडीच्या पावतीचे शेवटचे चार आकडे आणि मुदत संपायची तारीख ठाऊक होती. बाबांनी सांगितली नव्हती, त्यानेच त्यांना सांगितली! म्हणूनच त्यांचा विश्वास बसला. म्हणजे ही माहिती कुठून तरी फुटली. म्हटलं, डेटा संरक्षणाचा नवा कायदा आलाय, २०२३ चा, त्यात माहिती नीट न सांभाळणाऱ्याला २५० कोटींपर्यंत दंड आहे. रात्री बसून सगळा वाचला. दंडाचा सगळा पैसा भारताच्या संचित निधीत जमा होणार. ज्याची माहिती फुटली त्याला दमडी नाही. वर, जुन्या आयटी कायद्यात ४३ए नावाचं कलम होतं, ज्याखाली अशा हलगर्जीपणाबद्दल नुकसानभरपाई मागता यायची, तेही हा नवा कायदा काढून टाकतोय.

गेल्या सात महिन्यांत कायदे एवढे वाचले की बायको म्हणते आता सनद घे. सहा तासांत कळवा, १८० दिवस संगणकांच्या नोंदी (लॉग) ठेवा, एवढे कोटी भरा, सगळं आहे. ज्याचे पैसे गेले तो यात कुठे बसतो? कोणी ४३ए किंवा ४६ खाली अर्ज केलाय का? ही वाट कोणी चालून पाहिली आहे का?

---

खवचट_पेठकर

वाईट वाटलं. पण बँकेतली मुलगी विचारतेय आणि आपण मुळशीचा प्लॉट सांगतोय, इथे कायदा काय करणार? कायदे काय, पोत्याने आहेत. आयटी कायद्यातलं आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराबद्दलचं ६६ए सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं, आणि २०२१ मध्ये त्याच न्यायालयाला कळलं की त्या मेलेल्या कलमाखाली अजून गुन्हे दाखल होतायत. कागदावरून ठाण्यापर्यंत पोचायला आमच्याकडे सहा वर्षंही पुरत नाहीत.

---

ओलीभेळ

पेठकर, माझ्या सासूबाई प्राध्यापक होत्या, त्यांचंही असंच झालं. दोन दिवस कोणी 'तुला आत टाकतो' म्हणत डोळ्यांत डोळे घालून बसलं की प्लॉटच काय, काहीही सांगतो माणूस.

धागाकर्ते, बाबांना नमस्कार सांगा. वाचतेय.

---

खवचट_पेठकर

बरं बाई. पहिलं वाक्य मागे घेतो. ६६एचं राहू दे, ते खरं आहे.

---

काळाकोट

शिवाजीनगर कोर्टात वकिली करते. थोडं सविस्तर लिहिते, कारण धाग्यात दोन-तीन गोष्टींची सरमिसळ होतेय.

४३ए अजून जिवंत आहे. डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतोय. तक्रारी ऐकणाऱ्या डेटा संरक्षण मंडळासंबंधीची कलमं लगेच लागू झाली. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास. ४३ए काढून टाकणारी तरतूद याच शेवटच्या टप्प्यात आहे. (माहिती अधिकाराच्या कलम ८ मधला, वैयक्तिक माहिती नाकारणं सोपं करणारा बदल मात्र पहिल्याच दिवशी लागू केला. तो विषय वेगळा आहे, पण घाई कशाची होती ते दिसतं.) तुमचा प्रसंग जून २०२५ चा. अर्ज करायचा असेल तर आत्ताच करा, वाट बघू नका.

अर्ज जातो कलम ४६ खालच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे. आपल्या राज्यात ते काम माहिती तंत्रज्ञान विभागाच्या सचिवांकडे असतं, म्हणजे मंत्रालयात. पाच कोटींपर्यंतचे दावे तिथे चालतात आणि कलम ६१ मुळे अशा बाबतीत दिवाणी न्यायालयाचं दार बंद आहे. निकाल चार महिन्यांत, फार तर सहा महिन्यांत द्यावा असं नियम सांगतो. सांगतो!

ही वाट पुण्यातलाच एक जण चालून गेलाय. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीचे ८० लाख १० हजार रुपये फिशिंगमध्ये गेले. २०१३ मध्ये आयटी सचिवांनी बँकेला ४५ लाख द्यायला लावले. लक्षात घ्या, तक्रारदाराने स्वतः त्या फसव्या ईमेलला उत्तर दिलं होतं. तरी अधिकाऱ्यांनी म्हटलं, चूक दोघांची आहे, पण भामट्यांची खाती उघडताना तपासणीत बँकेने ढिलाई केली. म्हणजे 'तुम्हीच दिलेत ना' हे उत्तर प्रत्येक वेळी शेवटचं नसतं.

याची दुसरी बाजूही सांगते. या निकालांवरचं अपील ज्या सायबर अपिलीय न्यायाधिकरणाकडे जायचं, तिथे जून २०११ नंतर अध्यक्षच नव्हता. २०१७ मध्ये ते दूरसंचार न्यायाधिकरणात विलीन केलं. मधली सहा वर्षं फायली नुसत्या पडून होत्या.

तुमच्या प्रकरणात अडचण सिद्ध करण्याची आहे. चार आकडे आणि तारीख बँकेतूनच फुटली की विमा एजंटाकडून की कुठल्या केवायसीच्या झेरॉक्सवरून, हे तुम्ही कसं दाखवणार? त्यापेक्षा पैसे ज्या खात्यात उतरले त्या बँकेकडे वळा. ते खातं कधी उघडलं, पत्ता तपासला का, दोन महिन्यांच्या खात्यात एकदम ११ लाख आले तेव्हा कोणाला शंका आली का. २०१३ च्या निकालाचा जीव तिथे आहे.

होल्डवरच्या २ लाख १२ हजारांसाठी मात्र मंत्रालय नको. नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा, तपास अधिकाऱ्याचा 'हरकत नाही' असा अहवाल मिळवा. हे पैसे परत येतात, मी स्वतः आणून दिलेत.

---

लॉगबुक

काळाकोट ताई, दंडवत.

धागाकर्त्याच्या 'सहा तासांत कळवा'वर. मी हिंजवडीत हेच काम करतो. सर्ट-इनचा (सायबर सुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचा) तो आदेश २८ एप्रिल २०२२ चा. घटना लक्षात आल्यापासून सहा तास. युरोपात डेटा फुटला तर ७२ तास देतात, म्हणून तेव्हा आमच्याकडे बरीच ओरड झाली. पण प्रत्यक्षात सहा तासांत काय कळवायचं असतं? एवढंच की काहीतरी झालंय. रात्री दोनला मी तो फॉर्म भरलाय. 'परिणाम झालेल्या यंत्रणा' या रकान्यात त्या क्षणी खरं उत्तर 'कुणास ठाऊक' हेच असतं.

त्या आदेशातली सगळ्यात कामाची ओळ कोणाच्या लक्षातही येत नाही: सगळ्या यंत्रांची घड्याळं सरकारी वेळेशी जुळवा. हसू नका. भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं तेव्हा बोलावलं होतं. अकाउंट्सच्या संगणकाचं घड्याळ चाळीस मिनिटं पुढे, फायरवॉलचं साडेपाच तास मागे, कारण ते ग्रिनिचवर ठेवलेलं. आत आधी कोण शिरलं हे शोधायला दोन दिवस गेले, आणि तेही वहीवर रकाने आखून. मालकाने खंडणी भरली की नाही हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. ऑस्ट्रेलियात २०२४ च्या कायद्याने खंडणी भरली तर ७२ तासांत सरकारला सांगावं लागतं (अगदी छोटे धंदे वगळून). आपल्याकडे घटना कळवा, पैसे भरले ते कळवायची वेगळी सक्ती नाही.

पण धागाकर्ते, तुमचं म्हणणं बरोबर आहे. मी भरतो तो फॉर्म दिल्लीला जातो. ज्याची माहिती फुटली त्याला आजवर कोणी पत्र पाठवलेलं मी तरी पाहिलं नाही. नव्या कायद्यात ती सक्ती आहे, प्रत्येक बाधित माणसाला कळवायचं. तेही २०२७ मध्येच.

---

सुटेभाग_चाकण

थोडं अवांतर, पण माझी बाजू उलटी आहे.

माझं स्पेअर पार्टचं दुकान. एका गिऱ्हाईकाने १,८५० रुपये यूपीआय केले, क्लच प्लेट घेऊन गेला. आठ दिवसांनी माझं अख्खं चालू खातं बंद! बँकेत विचारलं तर परराज्यातल्या एका पोलीस ठाण्याचा ईमेल दाखवला. त्या गिऱ्हाईकाच्या खात्यात कोणाचे तरी फसवणुकीचे पैसे आले होते, त्यातले १,८५० माझ्याकडे आले. पगाराचे चेक परतले, जीएसटीची तारीख गेली. ठाण्यात फोन केला तर म्हणे, "इकडे येऊन जबाब द्या." १,४०० किलोमीटर!

१९३० वर फोन केला की पैसे लगेच गोठतात याचं कौतुक मीही वाचलंय. गोठतात ते माझ्यासारख्याचेही.

---

काळाकोट

हा प्रश्न रोजचा झालाय. जुन्या फौजदारी संहितेत कलम १०२ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेत १०६. चोरीची सायकल जप्त करण्यासाठी लिहिलेलं कलम आहे हो हे! त्यावर आज साखळीतल्या चौथ्या-पाचव्या खात्यापर्यंत सगळं बंद करतात. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं की वादातली रक्कम तेवढी अडवा, अख्खं खातं नको. तुम्ही बँकेला लेखी द्या: विक्रीचं बिल, गाडीचा नंबर, १,८५० वर लीन ठेवा, म्हणजे तेवढेच अडवा, बाकी मोकळं करा. प्रत तपास अधिकाऱ्याला ईमेलने. जबाब व्हिडिओवरूनही देता येतो, तसं लेखी मागा. आणि नाहीच ऐकलं तर उच्च न्यायालय.

गंमत अशी की धागाकर्त्याचे २ लाख १२ हजार वाचले तेही याच झटपट गोठवण्यामुळे. कलम एकच आहे. किती अडवायचं आणि किती दिवस, हे त्यात लिहिलेलं नाही.

---

निवृत्त_रोखपाल

सहकारी बँकेत ३४ वर्षं काढली. पुण्यात राहून २०१८ चा ऑगस्ट विसरणं शक्य नाही. कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी ४२ लाख गेले. कार्डाचा व्यवहार मंजूर करायचा की नाही हे जो स्विच ठरवतो, त्याच्या जागी हल्लेखोरांनी आपला खोटा स्विच उभा केला. तो प्रत्येक मागणीला 'हो' म्हणत होता. २८ देशांतल्या एटीएममधून ११ ऑगस्टला, शनिवारी दुपारी, काही तासांत ७८ कोटींच्या आसपास निघाले. भारतातून अडीच कोटी. आणि १३ तारखेला स्विफ्टने (बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेने) हाँगकाँगला १३ कोटी ९२ लाख. त्या दिवशी आमच्या शाखेत येणारा प्रत्येक खातेदार पासबुक भरून घ्यायलाच येत होता.

पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये ११ जणांना शिक्षा दिली. कोण होते ते? नकली कार्डं घेऊन एटीएमपुढे उभे राहिलेले हरकामे. स्विच उभा करणारा हाती लागला नाही. कसा लागणार? सायबर गुन्ह्यांवरचा बुडापेस्ट करार २००१ चा, त्यात भारत नाही, कारण तो बनवताना आपल्याला विचारलं नव्हतं. संयुक्त राष्ट्रांचा नवा करार डिसेंबर २०२४ मध्ये मंजूर झाला, तो लागू व्हायला चाळीस देशांची मान्यता लागते. तोवर पत्रं लिहायची आणि उत्तराची वाट बघायची.

तरी एक फरक सांगतो. तेव्हा पैसे बँकेचे गेले, खातेदाराचे नाही, कारण खातेदाराने काहीच केलं नव्हतं. तुमच्या वडिलांनी स्वतः सही केली. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक इथेच रेघ ओढतं: खातेदाराची चूक नसताना तिसऱ्याच कोणी पैसे काढले आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. स्वतः पाठवले असतील तर त्या परिपत्रकात तुम्हाला जागा नाही.

---

पाऊसपाणी

इंग्लंडमधून, रोखपाल काकांच्या शेवटच्या ओळीवर.

ती रेघ इथे पुसली. ७ ऑक्टोबर २०२४ पासून, फसून तुम्ही स्वतः पैसे पाठवले असले तरी बँकेला परत द्यावे लागतात, ८५ हजार पौंडांपर्यंत. निम्मे पाठवणाऱ्याची बँक देते, निम्मे ज्याच्या खात्यात गेले त्याची. फक्त देशातल्या देशात पाठवलेल्या पैशांना, आणि माणसाने घोर निष्काळजीपणा केला नसेल तर. या निम्म्या-निम्म्यात सगळी गंमत आहे. भामट्याचं खातं सांभाळणाऱ्या बँकेच्या खिशातून जायला लागले. आता नवीन खात्यात मोठी रक्कम आली तर माझी बँक मलाच छळते. गेल्या महिन्यात बाथरूमच्या फरशीवाल्याला पैसे पाठवताना वीस मिनिटं फोनवर होते. वैताग आला, पण ठीक आहे.

सिंगापूरने वेगळीच वाट धरली. जुलै २०२५ पासून तिथले पोलीस बँकेला आदेश देऊन फसलेल्या माणसाचंच खातं ३० दिवस अडवू शकतात, तो 'माझे पैसे आहेत, पाठवू द्या' म्हणत असला तरी. मुळशीचा प्लॉट वाचून तेच आठवलं. मला मात्र ते पटत नाही. पोलिसांनी माझ्या बाबांचं खातं त्यांच्याच विरुद्ध बंद करायचं, हे जरा जास्त होतं.

---

खवचट_पेठकर

म्हणजे तिकडे बँक देणार आणि शेवटी चार्जेस आपणच भरणार. फुकट काही नसतं.

---

पाऊसपाणी

भरू की. पंधरा लाख एकट्याने भरण्यापेक्षा सगळ्यांनी दोन-दोन रुपये भरलेले बरे. विमा दुसरं काय असतो?

---

ओलीभेळ

+१

---

कर्वेरोडचा_वाटसरू

सगळ्यांचे मनापासून आभार. काळाकोट ताई, ५०३ चा अर्ज लिहायला घेतलाय. सर्वोच्च न्यायालयाने १ डिसेंबरला डिजिटल अटकेची प्रकरणं सीबीआयकडे देण्याचा आदेश दिला तेव्हा बाबांनी पेपरातली ती बातमी कापून फाइलला लावली. अंबाल्याच्या एका वृद्ध जोडप्याच्या पत्रावरून हे सगळं सुरू झालं, त्यांनाही असाच खोटा न्यायालयाचा आदेश दाखवला होता. 'आपण एकटेच मूर्ख नाही,' असं बाबा पहिल्यांदा म्हणाले.

आता एक अडचण. पुरावा म्हणून माझ्याकडे त्या पत्राचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट आहेत. मी तेव्हा बाबांच्या फोनवरून माझ्या व्हॉट्सअ‍ॅपला पाठवले आणि त्यांचे प्रिंट ठाण्यात दिले. चालतील ना?

---

काळाकोट

नुसते प्रिंट नाही चालणार. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, पूर्वीचं ६५बी. हे किती कडक आहे ते जालन्याने देशाला शिकवलंय: अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, २०२०. उमेदवारी अर्ज तीनच्या आत भरला की नंतर, याच्या व्हिडिओवरून भांडण थेट दिल्लीला गेलं आणि ठरलं की मूळ यंत्र न्यायालयात आणत नसाल तर प्रमाणपत्राशिवाय इलेक्ट्रॉनिक नक्कल पुरावा नाही.

१ जुलै २०२४ पासून त्याचा छापील नमुनाच आहे. भाग 'अ' तुम्ही भरायचा, भाग 'ब' तज्ज्ञाने. त्यात फाइलचा हॅश (फाइलमधून गणिताने निघणारा तिचा अंगठ्याचा ठसाच म्हणा) लिहायचा असतो, आणि इथे तुमचं अडतं. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेला फोटो दाबून लहान होतो, हॅश बदलतो. तुमच्या फोनमधला फोटो आणि बाबांच्या फोनमधला फोटो डोळ्यांना एकच दिसले तरी कागदावर दोन वेगळ्या वस्तू आहेत. मूळ फोन कुठे आहे?

---

कर्वेरोडचा_वाटसरू

कपाटात. जूनमध्ये बाबांनी बंद करून आईच्या शालूखाली ठेवलाय. ते आता बटणाचा फोन वापरतात. मी तो विकून टाकू म्हणत होतो.

---

काळाकोट

देव पावला. विकू नका, रीसेट करू नका. सिम काढून ठेवा, चालू केल्या केल्या एअरप्लेन मोडवर टाका, वायफाय लावू नका. चॅट आपोआप पुसण्याची सोय त्यांनी लावली असेल तर जे उरलंय तेही जाईल. भाग 'अ' बाबांच्या नावाने, फोन त्यांचा आहे. भाग 'ब'साठी माणूस मी सुचवते, निरोप बघा.

---

लॉगबुक

हॅश काढायला मी येतो कोथरूडला. शनिवारी मोकळा आहे. फी म्हणून एक चहा.

---

कर्वेरोडचा_वाटसरू

लॉगबुक येऊन गेले. चहा तीन झाले.

फोन सुरू झाला, चॅट आहे, ते पत्रही आहे. एसएचए-२५६ पद्धतीच्या हॅशचे चौसष्ट अक्षर-अंक त्यांनी दोनदा ताडून बघितले. मग नमुन्यात फोनचा आयएमईआय (ओळख क्रमांक) लिहायचा रकाना होता. बाबांनी खोकं जपून ठेवलंय, पावतीसकट. चष्मा लावून ते एकेक अंक वाचत होते आणि मी लिहीत होतो. अकराव्या अंकावर त्यांचा बटणाचा फोन वाजला, अनोळखी नंबर. त्यांनी तो उचलला नाही, वाजू दिला पूर्ण. मग म्हणाले, "कुठे होतो आपण?" आम्ही पहिल्या अंकापासून परत सुरू केलं.

अर्ज सोमवारी दाखल करतोय. नंबर पडला की इथे लिहितो.